आरटीएस गेम आणि "काय चाललंय तेच दिसत नाही": वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चवथीच्या सुट्टीत आमच्या फोंड्याच्या घरी दरवर्षी चार-पाच पीसी एकमेकांना जोडतो आम्ही, रात्रीची आरती आणि जेवणं आटपली की चुलतभाऊ, शेजारची मुलं, डिचोलीहून येणारा एक मित्र असे सगळे जमतात आणि मग पहाटेपर्यंत एज ऑफ एम्पायर्स टू (पुढे नुसतं एज टू) नाहीतर स्टारक्राफ्ट टू. हे दोन्ही आरटीएस, म्हणजे रिअल टाइम स्ट्रॅटेजी: पाळी न लावता सगळे एकाच वेळी वसाहत उभारतात, सैन्य बनवतात आणि लढतात. खेळणारे चार आणि मागे उभं राहून बघणारे दहा. त्या दहातला कोणीतरी हटकून म्हणतोच, "कितें चल्लां तेंच कळना मरे!" मला हे वाक्य फार महत्त्वाचं वाटतं, कारण दरवेळी बघणाऱ्याला गेम येत नाही म्हणून कळत नसतं असं नाही, कधीकधी गेमनेच नीट दाखवलेलं नसतं. यावर इतके वाद झालेत आणि व्हॉट्सॲपवर इतकी लांबलचक उत्तरं टाइप करून झालीत की म्हटलं सगळं एकदा एका जागी लिहून ठेवूया.

ग्राफिक्स भारी असले की स्पष्ट दिसणारच ना? ही वेगळी "व्हिज्युअल क्लॅरिटी" म्हणजे काय?

नाही, भारी ग्राफिक्स आणि स्पष्ट चित्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि कधीकधी एकमेकांच्या आड येतात. आरटीएसमध्ये तुम्ही एका माणसाच्या पाठीमागे कॅमेरा लावून चालत नाही, वरून सगळं मैदान बघता. स्टारक्राफ्ट टू मध्ये एका खेळाडूचा सप्लाय, म्हणजे सैनिक-कामगारांची मोजणी, २०० पर्यंत जाते, एज टू च्या नेहमीच्या मॅचमध्ये लोकसंख्याही २००, त्यातले अर्धे गावकरी धरले तरी मोठ्या लढाईत दोन्हीकडचे मिळून शंभर-दीडशे जीव एका स्क्रीनवर येतात. त्या गर्दीकडे अर्धा सेकंद बघून कळलं पाहिजे की हा कोण, कोणाचा, काय करतोय, किती जीव उरलाय. एवढं कळलं की क्लॅरिटी आहे. झाडाचं पान किती खरं दिसतं, पाण्यात आकाश दिसतं का, हे सगळं नंतर.

यात आपल्या डोळ्याचीही एक मर्यादा आहे. बारीक तपशील दिसणारा डोळ्याचा मधला भाग जेमतेम दोन अंशांचा असतो, म्हणजे हात लांब करून अंगठ्याचं नख धरलं तर जेवढं झाकलं जाईल तेवढाच. बाकीच्या स्क्रीनवर फक्त रंग, हालचाल आणि ढोबळ आकार कळतो. १९८० मध्ये ॲन ट्रीझमन आणि गॅरी गेलेड यांनी एक सिद्धांत मांडला, त्यातली एक गोष्ट आरटीएसला तंतोतंत लागू पडते: एखादी वस्तू फक्त एका गुणाने वेगळी असेल, समजा हिरव्यांत एकच लाल, तर गर्दी कितीही असो ती चटकन डोळ्यात भरते, पण दोन गुण जोडून शोधायची असेल तर एकेक तपासत जावं लागतं आणि गर्दी वाढेल तसा वेळ वाढतो. आता विचार करा, स्टारक्राफ्टमध्ये समोरच्याच्या झीलटांच्या (साध्या सैनिकांच्या) घोळक्यात एक हाय टेम्प्लर (जादू करणारा) उभा आहे, तो स्टॉर्म, म्हणजे विजेचं वादळ, टाकायच्या आत तुम्हाला शोधायचाय. सगळ्यांचा रंग एकच. अशा वेळी त्या टेम्प्लरचा आकार आणि चाल वेगळी नसेल तर तुमच्या हाताचा वेग काय कामाचा?

तू प्रत्येक वेळी दशावताराचं उदाहरण का देतोस?

कारण त्याहून चांगलं उदाहरण मला सापडलेलं नाही. पेडणे, डिचोली, सत्तरीकडे ज्यांनी जत्रेला रात्रभर बसून दहीकाला, म्हणजे दशावताराचा खेळ, बघितलाय त्यांना माहीत असेल, पूर्वी पेट्रोमॅक्सच्या उजेडात आणि नंतर एका-दोन बल्बमध्ये खेळ व्हायचे, माणसं देवळाच्या अंगणात पार मागेपर्यंत बसलेली असायची, काहींच्या मांडीवर मूल झोपलेलं. तरी संकासुर आला की सगळ्यात मागच्या आजीलाही कळतं. काळा पोषाख, बाहेर लोंबणारी लाल जीभ, आणि उड्या मारत येण्याची ती चाल. तोंड बघावं लागत नाही, संवाद ऐकावा लागत नाही. गणपतीचं तसंच, राजाच्या मुकुटाचं तसंच. ज्या कोणी पिढ्यान्‌पिढ्या ही सोंगं ठरवली त्यांना लांबून, कमी उजेडात, पेंगुळलेल्या डोळ्यांना ओळख पटवायची होती, आणि आरटीएसच्या आर्टिस्टसमोर नेमकं हेच काम असतं, फक्त अंगणाऐवजी स्क्रीन आणि सोंग बोटाच्या पेराएवढं.

गेममध्ये याला सिल्हूट म्हणतात, म्हणजे युनिटला (सैनिक, टँक, कामगार, यातलं कुठलंही एक) पूर्ण काळं रंगवलं तरी नुसत्या आकारावरून ओळखू यायला हवं. स्टारक्राफ्टचा मरीन घ्या, रुंद खांदे आणि पुढे बंदूक. झीलटच्या दोन्ही हातांना पाती. स्टॉकर चार पायांचा. सीज टँक मोड बदलतो तेव्हा त्याचा आकारच बदलतो, पाय रोवतो, नळी लांब होते, त्यामुळे तो आता चालता टँक नाही, लांबून मारणारा टँक आहे हे क्लिक न करता कळतं. बेनलिंग (अंगावर येऊन फुटणारे) आणि झर्गलिंग (छोटे, चपळ प्राणी) एकत्र धावत येतात तेव्हा बेनलिंग गोल, फुगीर आणि हिरवा चमकणारा, आणि हे कळणं म्हणजे मरीन पांगवायला मिळणारा तो एक क्षण. तो क्षण मिळाला नाही तर वीस मरीन एका झटक्यात गेले.

आकारावरून प्रकार कळला, पण अपग्रेड झालंय की नाही हे कसं कळणार?

हा प्रश्न फार कमी जण विचारतात पण खूप चांगला आहे. स्टारक्राफ्ट टू मध्ये झर्गलिंगचा वेग वाढवणारं अपग्रेड झालं की त्यांना पंख येतात, मरीनला कॉम्बॅट शील्ड मिळालं की हातात खरंच ढाल दिसते, हेलियन या आग फेकणाऱ्या गाडीची आग निळी होते. समोरच्याने कशात पैसे घातले ते तुम्ही बघून ओळखता, त्यावरून ठरवता. एज टू मध्ये नाइटचा कॅव्हेलियर, कॅव्हेलियरचा पॅलाडिन झाला की रूप बदलतं, हे छान आहे, पण लोहाराकडचे हल्ल्याचे आणि चिलखताचे अपग्रेड अंगावर दिसत नाहीत, त्यासाठी युनिटवर क्लिक करून आकडे बघायला लागतात. मला ही एज टू मधली खरी उणीव वाटते. दोघांचे नाइट दिसायला सारखे, आकडा सारखा, आणि एकाचे पटापट मरतात, नवीन मुलाला वाटतं गेमने फसवलं.

म्हणजे कार्टूनसारखी स्टाईल असली तरच क्लॅरिटी येते का?

या एका प्रश्नावर आमच्याकडे भांडणं झालीत. माझं उत्तर नाही असं आहे. अतिशयोक्ती आणि कार्टून यात फरक आहे. महत्त्वाची गोष्ट मोठी करून दाखवणं म्हणजे अतिशयोक्ती, आणि ती गंभीर, काळोख्या चित्रातही करता येते. १९९८ चा स्टारक्राफ्ट बघा, ६४० बाय ४८० ची स्क्रीन, एकूण २५६ रंग, सगळं वातावरण गंजलेलं, कोंदट, कार्टून अजिबात नाही, तरी आज इतक्या वर्षांनी कोरियातली मॅच लावली तर युनिट ओळखायला त्रास होत नाही. १९९९ चा एज टू तर जवळजवळ इतिहासाच्या पुस्तकातल्या चित्रांसारखा आहे. आणि २००६ च्या कंपनी ऑफ हीरोजने धूळ, धूर, चिखल सगळं खरं दाखवलं, पण तिथे शंभर सुटे जीव नसतात, थोड्या तुकड्या असतात आणि प्रत्येक तुकडीच्या डोक्यावर तिची खूण तरंगत असते, म्हणून ते चालून गेलं.

वॉरक्राफ्ट इतका रंगीत का याची मात्र एक गोष्ट मला खूप आवडते. १९९४ च्या पहिल्या वॉरक्राफ्टवर काम केलेल्या पॅट्रिक वायट यांनी लिहून ठेवलंय की ॲलन ॲडहम यांचा आर्टिस्टना आग्रह असायचा की दिवे लावून, उजेडात बसून चित्रं काढा, कारण खेळणारे लोक उजेडाच्या खोलीत खेळतात. अंधारात बसून काढलेलं चित्र आर्टिस्टला छान दिसतं आणि खेळणाऱ्याच्या घरी फिकं पडतं. बलकावात (घरासमोरच्या ओसरीत) लॅपटॉप घेऊन बसणाऱ्या गोव्यातल्या कुठल्याही मुलाला हे पटकन समजेल.

उलट बाजूही सांगतो. नुसतं स्पष्ट असून भागत नाही. २०२४ मध्ये अर्ली ॲक्सेसला, म्हणजे पूर्ण व्हायच्या आधीच खेळायला, आलेल्या स्टॉर्मगेटच्या दिसण्यावर खूप टीका झाली आणि बनवणाऱ्यांनी पुढे त्यात बरेच बदल केले. मला तरी त्यात युनिट ओळखायला फार त्रास झाला नव्हता, पण त्या जगात राहावंसं वाटत नव्हतं, आणि ज्या जगात राहावंसं वाटत नाही त्यात हजार मॅच कोण खेळणार?

टीम कलर एवढा महत्त्वाचा आहे का? मिनीमॅपवर (कोपऱ्यातल्या छोट्या नकाशावर) दिसतं की.

फातोर्ड्याला मॅच बघायला गेलात तर एफसी गोवाची भगवी जर्सी स्टँडच्या सगळ्यात वरच्या पायरीवरूनही दिसते. समोरच्या टीमचा रंग जवळचा असेल तर एका टीमला दुसरी जर्सी घालावी लागते, कारण पास देणाऱ्याने मान वर करून एका नजरेत आपला माणूस ओळखायचा असतो. टीम कलर म्हणजे ही जर्सी. मिनीमॅप हवाच, पण लढाईच्या मध्यावर तुमची नजर मिनीमॅपवर नसते.

रंग अंगावर कुठे आणि किती आहे यावर सगळं अवलंबून आहे. वरून बघतो म्हणजे डोकं, खांदे, पाठ, घोड्याची झूल, शिड, इथे रंग हवा. बुटांना रंग देऊन काही उपयोग नाही. आणि जमिनीचा रंग विसरून चालत नाही. आमच्याकडे एका वर्षी धाकट्या चुलतभावाने हौसेने हिरवा रंग घेतला आणि नकाशा निघाला घनदाट जंगलाचा, त्याचे स्वतःचे लाकूडतोडे त्यालाच सापडेनात, रडकुंडीला आला बिचारा. तेव्हापासून एकास एक मॅचला आम्ही फ्रेंड-ऑर-फो रंग लावतो, आपण निळे, शत्रू लाल, कोणी लॉबीत कुठलाही रंग घेवो. स्टारक्राफ्ट टू मध्येही तशी सोय आहे, तिथे आपण हिरवे आणि शत्रू लाल. चार विरुद्ध चारला मात्र मूळ आठ रंगच ठेवा, नाहीतर कोणता शत्रू कुठून आला ते सोबत्याला सांगता येत नाही, "लाल आला रे" म्हटलं तर चौघेही लालच.

मला लाल-हिरवं नीट ओळखता येत नाही. मी आरटीएस खेळूच नये का?

खेळा, नक्की खेळा. युरोपीय वंशाच्या लोकांत साधारण ८ टक्के पुरुषांना आणि अर्धा टक्का बायकांना रंग ओळखण्यात काहीतरी अडचण असते, आपल्याकडे प्रमाण कमी धरलं तरी एका वर्गात एखादा मुलगा निघतोच. सेटिंगमध्ये रंग बदला, निळा विरुद्ध पिवळा किंवा नारिंगी ही जोडी बहुतेकांना चालते. आणि जो गेम आकाराने आणि उजळ-गडद फरकाने माहिती देतो त्यात तुम्हाला कमी त्रास होईल. आपल्या जुन्या देवळांतली कावी चित्रं आठवा, पांढऱ्या चुन्यावर एकच तांबूस रंग, तरी घोडेस्वार, वेल, मोर सगळं लांबून कळतं. तिथे रंगांची विविधता शून्य आहे, उजळ आणि गडद यातलं अंतर मात्र भरपूर आहे, आणि ते अंतर प्रत्येक डोळ्याला दिसतं.

प्रो लोक इतके भारी पीसी असून लो सेटिंगवर का खेळतात?

एक कारण फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रं दिसतात ते. मोठ्या लढाईत गेम अडखळला तर नेमका तिथेच क्लिक चुकतो. पण दुसरं कारण क्लॅरिटीचं आहे. सावल्या कमी झाल्या, फिजिक्स बंद केलं की उडणारे तुकडे आणि गडगडत जाणारी प्रेतं कमी होतात, जमीन सपाट आणि शांत दिसते, आणि शांत जमिनीवर युनिट उठून दिसतात. मी स्टारक्राफ्ट टू मध्ये शेडर आणि इफेक्ट मधल्यावर, फिजिक्स बंद, आणि हेल्थ बार सगळ्यांचे कायम चालू ठेवतो. टेक्स्चर उंच ठेवायला हरकत नाही, त्याने गर्दी वाढत नाही.

हेही सांगायला हवं की खेळाडूला चित्र बिघडवून खेळावं लागतं हे गेमच्या आर्टचं अपयश आहे. ज्या आर्टिस्टने महिनाभर खपून ते पाणी केलं, त्याचं पाणी सगळे बंद करतायत, म्हणजे कुठेतरी आधी विचारच झाला नाही.

एज टू मधला लहान झाडांचा मॉड (गेममध्ये वरून घातलेला बदल) म्हणजे चीटिंग नाही का?

मला नाही वाटत. एज टू तिरक्या कोनातून दिसतो, त्यामुळे उंच झाडामागची जागा झाकली जाते, आणि झाडामागे लपून राहणं हा गेमचा नियम नाही, कोनामुळे पडलेला आडोसा आहे. इमारतीमागे गेलेल्या युनिटची रंगीत बाह्यरेषा गेम स्वतःच दाखवतो, १९९९ पासून, म्हणजे बनवणाऱ्यांनाही आडोसा नकोच होता. लहान झाडं आणि जमिनीवरच्या चौकटी दाखवणारे मॉड प्रो खेळाडूंमध्येही सर्रास चालतात. फक्त घरच्या स्पर्धेत सगळ्यांकडे तोच मॉड असू दे, आमच्याकडे पेन ड्राइव्हवर घालून आधी सगळ्यांना देतो, एकाला दिसतंय आणि दुसऱ्याला नाही असं नको.

पण मग लपणं हा स्ट्रॅटेजीचा भाग नाही का? सगळंच दिसलं तर मजा काय?

मला वाटतं सगळा विषय या एका प्रश्नावर उभा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

लपणं दोन प्रकारचं असतं. एक नियमाने लपणं. फॉग ऑफ वॉर आहे, तिथे तुमचं कोणी नाही म्हणून दिसत नाही. स्टारक्राफ्टचा डार्क टेम्प्लर अदृश्य आहे, डिटेक्टर (लपलेलं दाखवणारं युनिट) आणला की दिसतो. लर्कर जमिनीत पुरून बसला आहे. हॅल्युसिनेशन, म्हणजे खोटी प्रत, समोरच्याला खऱ्या युनिटसारखं दिसतं, डिटेक्टर आला की पितळ उघडं पडतं. या प्रत्येकाला उत्तर आहे, ते उत्तर शिकता येतं, आणि हरलो तर कळतं की मी डिटेक्टर बनवला नाही, चूक माझी. स्टारक्राफ्ट टू मध्ये अदृश्य शत्रू पूर्ण नाहीसा होत नाही, हवा थरथरल्यासारखी दिसते, म्हणजे ज्याची नजर तयार झालीय त्याला तेवढा फायदा. ब्रूड वॉरमध्ये (पहिल्या स्टारक्राफ्टची पुढची भर) न्यूक, म्हणजे अणुबॉम्ब, पडणार असेल तर आवाजाने सूचना येते आणि जमिनीवर एक बारीक लाल ठिपका लुकलुकतो, तो ठिपका शोधणं हीच एक शर्यत. हे मला सुंदर वाटतं, कारण लपवलंय पण ठरवून, मोजून, आणि शोधायची वाट ठेवून.

दुसरं पसाऱ्यामुळे लपणं. स्फोटाच्या धुरात टँक दिसला नाही. खडकाच्या रंगाचाच गोलेम खडकाशेजारी उभा होता. तीन जादूचे इफेक्ट एकावर एक पडले आणि सगळं पांढरं झालं. यात शिकण्यासारखं काही नाही, पुढच्या वेळी तुम्ही काय वेगळं करणार? काहीच नाही.

या दोघांच्या मध्ये एक अवघड जागा आहे, ब्रूड वॉरमधली म्युटालिस्क या उडणाऱ्या युनिटची चळत. अकरा म्युटालिस्क एका गटात धरून एकावर एक रचले की लांबून एक-दोनच असल्यासारखे दिसतात, आणि एकदम झडप घातली की मरीन, कामगार खलास. किती आहेत ते समोरच्याला मोजता येत नाही. बनवणाऱ्यांनी असं काही मुद्दाम योजलं होतं असं वाटत नाही, हे खेळाडूंनी शोधलेलं तंत्र. म्हणजे चित्रातला घोळच, पण त्यातून हाताचं इतकं अवघड कसब जन्माला आलं की आज ते काढून टाका म्हणणारा ब्रूड वॉरचा माणूस सापडणार नाही. मीही म्हणणार नाही. वर मी जो नियम मांडला तो इथे मोडतो, आणि मला ते मान्य आहे.

रिमास्टर (जुनाच गेम नव्या चित्रात) आला की जुने लोक नाक का मुरडतात? नवीन चित्र चांगलंच असतं ना?

दोन उदाहरणं शेजारी ठेवून बघा. ऑगस्ट २०१७ चा स्टारक्राफ्ट रिमास्टर्ड: फोर-के पर्यंत चित्र, पण आत गेम जुनाच, प्रत्येक युनिटचा आकार, उंची, चालायची लय जशीच्या तशी. त्यात एफ५ दाबलं की मॅच चालू असताना जुनं चित्र आणि नवं चित्र अदलाबदल होतं. मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा कितीतरी वेळ नुसतं एफ५ दाबत बसलो होतो, मरीन तिथेच, तेवढाच, फक्त काच पुसल्यासारखा. स्वतःचं काम जुन्या कामाशेजारी असं उघडं ठेवायला विश्वास लागतो.

जानेवारी २०२० चा वॉरक्राफ्ट थ्री रिफोर्ज्ड वेगळ्या वाटेने गेला. २००२ च्या मूळ गेममध्ये मॉडेल साधी, हातपाय जाड, शस्त्रं अवाढव्य, रंग मोठ्या पट्ट्यांत. नव्या मॉडेलमध्ये चिलखताचे खिळे, पट्टे, कातडं, सगळा तपशील आला, जवळून बघितलं तर देखणं, पण खेळायच्या उंचीवरून तो तपशील कालवल्यासारखा दिसतो आणि युनिट एकमेकांत आणि जमिनीत मिसळतात. स्पर्धा खेळणारे बरेच जण जुन्या ग्राफिक्सवरच राहिले, नशीब की ते निवडायची सोय होती. नोव्हेंबर २०२४ च्या २.० मध्ये जुन्याच शैलीची सुधारलेली आवृत्ती दिली, म्हणजे मागणी खरी होती. लोक याला जुन्या आठवणींचा हट्ट म्हणतात, पण मी आठवणींशी काही संबंध नसलेल्या बारा वर्षांच्या भाच्याला दोन्ही दाखवले आणि विचारलं यात घोडेस्वार किती, त्याने जुन्यात पटकन मोजले.

घर माणसापेक्षा जेमतेम मोठं, जहाज रणगाड्याएवढं, हे चुकीचं नाही का वाटत?

खऱ्या मापात काढलं तर माणूस मुंगीएवढा दिसेल नाहीतर किल्ला स्क्रीनबाहेर जाईल. महत्त्व जेवढं तेवढं माप. आपल्याकडे नरकासुराच्या पुतळ्यात डोकं आणि हात बघा, कोणी प्रमाण मोजत बसत नाही.

पूर्ण झूम आउट केलं तर सगळं दिसेल, मग प्रश्नच मिटला ना?

२००७ च्या सुप्रीम कमांडरने हेच केलं, माउसचं चाक फिरवत गेलं की अख्खा नकाशा एका स्क्रीनवर, आणि एका मर्यादेनंतर युनिटच्या जागी खुणा येतात, टँकची वेगळी, विमानाची वेगळी, जहाजाची वेगळी. माझ्या मते आरटीएसमधली ही सगळ्यात हुशार कल्पनांपैकी एक आहे. आज बियॉन्ड ऑल रीझन हा फुकट गेम त्याच वाटेने चाललाय. पण त्याची किंमतही आहे, अर्धा वेळ तुम्ही खुणा ढकलता आणि ज्या रोबोवर आर्टिस्टने जीव ओतला तो दिसतच नाही. स्टारक्राफ्टसारख्या गेममध्ये कॅमेरा मुद्दाम जवळ ठेवलेला असतो, कुठे बघायचं हे निवडणं हेच कौशल्य. तिथे झूम दिला तर गेमच दुसरा होईल.

आवाजाचा याच्याशी काय संबंध?

खूप. कॅमेरा एका जागी असताना बाकी नकाशाची बातमी कानानेच येते. एज टू मध्ये हल्ला झाल्याचा शिंगाचा आवाज आला की आमच्या घरात जेवणाऱ्यांचेही हात थांबतात. हेडफोन लावा, गाणी नको.

खेळ न येणाऱ्याला बघायला मजा येईल असा कुठला गेम आहे?

एज टू, डोळे मिटून सांगतो. आमच्या मावशीला माउस कसा धरायचा तेही नीट माहीत नाही, पण कोणाच्या गावात आग लागलीय, कोणाचा किल्ला पडतोय, कोणाचे घोडे पळतायत हे तिला कळतं आणि ती बाजूही घेते. गाव, शेत, मेंढ्या, लाकडं, हे सगळं ओळखीचं आहे. शिवाय मूळच्या तेरा संस्कृतींचे भालेकरी, तिरंदाज, नाइट सगळे एकसारखेच दिसायचे, खास युनिट तेवढं वेगळं, म्हणजे एकदा शिकलं की सगळीकडे कामाला येतं. इतिहासाच्या दृष्टीने ते चूक आहे, आणि २०२२ मध्ये बंगाली, द्रविड, गुर्जर आले तेव्हा मलाही वाटलं होतं की यांचे साधे सैनिकही आपल्यासारखे दिसावेत. पण पन्नासच्या घोळक्यात भालेकरी ओळखायचा असतो तेव्हा मी या एकसारखेपणाच्या बाजूने आहे.

स्टारक्राफ्ट टू ला बघणाऱ्याला थोडी तयारी लागते. २०१८ मध्ये जकार्ताच्या आशियाई खेळांत तो प्रदर्शनी खेळ होता, कोरियाच्या मारूने सुवर्ण जिंकलं, आपल्या केंद्र सरकारनेही डिसेंबर २०२२ मध्ये ईस्पोर्ट्सना मान्यता दिलीय. मैदानावरचा खेळ म्हणून बघायचं तर प्रेक्षकाला दिसणं हा नियमांइतकाच मोठा मुद्दा झाला. सुरुवात करायची तर स्टारक्राफ्ट टू २०१७ च्या नोव्हेंबरपासून फुकट आहे, झीरो एडी हा दुसरा आरटीएस कायमच फुकट.

मी इंजिनिअरिंगला आहे, मित्रांबरोबर छोटा आरटीएस बनवतोय. आर्ट येत नाही. कुठून सुरू करू?

आर्ट येत नाही ही अडचण नाही, आधी ठोकळे घ्या. घन म्हणजे टँक, शंकू म्हणजे तिरंदाज, चेंडू म्हणजे कामगार, आणि यावरच महिनाभर खेळा. ठोकळ्यांवर खेळताना गोंधळ होत असेल तर सुंदर मॉडेल आणून तो कमी होणार नाही, वाढेल.

मग प्रत्येक युनिट काळं करून खेळायच्या मापात बघा. स्क्रीनशॉट काळा-पांढरा करा, युनिट जमिनीत बुडत असेल तर जमीन गडद किंवा फिकी करा, युनिटला हात लावायच्या आधी जमिनीला लावा, कारण नव्वद टक्के वेळा दोषी तीच असते. व्हॉल्व्हने डोटा टू साठी कॅरेक्टर आर्टची मार्गदर्शिका सगळ्यांसाठी खुली ठेवलीय, गेम आरटीएस नाही पण कोन तोच, त्यातली एक युक्ती लगेच वापरता येते: पायाकडे गडद आणि डोक्याकडे उजळ, म्हणजे नजर आपोआप वर, ओळखीच्या भागाकडे जाते. सगळ्यात तेजस्वी रंग आणि सगळ्यात मोठा चकाकणारा इफेक्ट फक्त धोक्यासाठी राखून ठेवा, इमारत पूर्ण झाल्याची आतषबाजी नको. इफेक्ट जमिनीवर जेवढा दिसतो तेवढाच लागायला हवा, वर्तुळाच्या बाहेर उभा असलेला सैनिक मेला की खेळणाऱ्याचा तुमच्यावरचा भरवसा गेलाच.

आणि कोणाला तरी एक सेकंद चित्र दाखवून झाका, विचारा काय दिसलं. हे कॉलेजच्या मित्राला नको, त्याला गेम पाठ असतो. आईला दाखवा, दुकानातल्या काकांना दाखवा.

घरात दुपारी एवढं ऊन येतं की डार्क नकाशावर काहीच दिसत नाही. ब्राइटनेस फुल केला तरी.

ब्राइटनेस फुल करून काळं राखाडी होतं आणि डोळे दुखतात, त्याऐवजी गेममधला गॅमा (गडद भाग उजळ करणारी सेटिंग) थोडा वाढवा. मॉनिटर खिडकीकडे तोंड करून किंवा खिडकीला पाठ करून नको, काटकोनात ठेवा. चकचकीत स्क्रीनवर मागची पांढरी भिंत दिसते, तिथे गडद कापड टांगलं तरी फरक पडतो, आम्ही पश्चिमेच्या खिडकीला जुनी चादर लावतो, चार वाजेपर्यंत पुरते. त्यानंतर ऊन आंब्याच्या झाडामागे जातं.